यादीतला कोरा रकाना

सर्किट काढताना जो आनंद मिळतो, तो मला यादी करताना कधी मिळाला नाही. आराखड्यासाठी मी रात्र जागतो, तांब्याची एकेक रेघ पुन्हा पुन्हा सरळ करतो. बीओएम मात्र, म्हणजे बोर्डावर लागणाऱ्या एकूण एक भागाची यादी, शेवटच्या तासात उरकतो. ‘कपॅसिटर, १०० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्ट.’ पुढचे दोन रकाने, कंपनी आणि तिचा पार्ट नंबर, कोरे. कोणाचाही चालेल, असा त्याचा अर्थ. खरंच चालतो का, हे मी तपासलंय? पुष्कळदा नाही. कोरा रकाना मला सोयीचा वाटत आला. खरेदी करणारा स्वस्तातला आणील, बोर्डाची किंमत उतरेल आणि उद्या काही झालंच तर माल त्याने आणलेला असेल. ही घाई होती की जबाबदारीतून काढलेली पळवाट?

माझे बोर्ड शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये बसतात. मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या पट्ट्यात, उसाला आणि डाळिंबाला पाणी देणाऱ्या मोटारींवर. काम साधं: तीनपैकी एक फेज गेला की मोटार बंद करायची, तिन्ही परत आले की थोडं थांबून चालू करायची. पण पेटी पत्र्याची, तीही उन्हात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडे सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. पेटीच्या आत ६५ अंश धरले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य त्याच्या कमाल तापमानाला सांगितलेलं असतं. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशोब. ८५ अंशांला २००० तास टिकणारा भाग ६५ अंशांत ८००० तास टिकेल. वर्षाचे तास होतात ८७६०. तेवढ्याच तासांचा, पण १०५ अंशांचा भाग घेतला तर ३२,००० तास, म्हणजे सलग चालूनही साडेतीन वर्षांच्या पुढे. दोघांच्या किमतीतला फरक पैशांतला. यादीत ‘१०५ अंश’ लिहायला वेळ तो किती लागतो? न लिहिल्यावर उठायला कोणाला लागतं? रात्रीच्या पाळीची लाईट असते, मी पुण्यात झोपलेला असतो आणि तिकडे कोणी बॅटरी घेऊन ओल्या सरीतून बोअरकडे निघालेला असतो. गेलेला फेज बोर्डाला कळला नाही तर मोटार जळते. मग ती बोअरमधून वर काढा, रिवायंडिंगला न्या, तोवर पीक उन्हात. माझ्या यादीतले ते पैसे त्याच्याकडून असे वसूल होतात.

२०२१ च्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या टंचाईत मी सगळ्यांना एकच सांगत होतो, जगातच माल नाही. ते खोटं नव्हतं. फेब्रुवारीत टेक्ससमधल्या बर्फवादळाने ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पाडले होते, मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली होती. पण माझी अडचण सगळीच तिथून आली होती का? आयबीएमने १९८१ च्या आपल्या संगणकासाठी इंटेलचा ८०८८ निवडला, तेव्हा तो बनवणारा दुसराही कोणी हवा, असा आग्रह धरला. १९८२ च्या करारानंतर एएमडी ती चिप बनवू लागली. एवढी जुनी ही शहाणपणाची गोष्ट. मायक्रोकंट्रोलरला पर्याय शोधणं अवघड, हे मान्य. पण रेग्युलेटरला, रिलेला? पर्याय होते. बोर्डावर दोन मापांच्या रिलेसाठी भोकं ठेवली की भागलं असतं. माझा सुबक आराखडा बिघडेल म्हणून मला ते नको होतं. जगाचं नाव पुढे करताना मी हे कोणालाच सांगितलं नाही.

याहून अवघड एक गोष्ट आहे. मुख्य चिपवरचा नंबर मी घासून टाकतो. धंद्यात हे सर्रास चालतं. नक्कल होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावत आलो. बनावट मालवालेही भंगारातल्या चिपचा नंबर घासतात आणि वर नवा छापतात. माझा हेतू वेगळा आहे, हे खरं. पण पेटी उघडणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच अंधारात राहावं लागतं, हेही खरंच ना? बोर्ड बिघडला की तो पहिल्यांदा मोहोळच्या बाजारातल्या मेकॅनिककडे जातो. पीक उभं असताना पुण्याला कुरियर कोण करणार? तो मेकॅनिक हाताशी असेल तो कपॅसिटर टाकतो. ‘तिकडे काहीही घालतात’ असं मी कितीदा सहज म्हणून गेलोय. त्याने काय घालावं, हे त्याला मी कुठे सांगितलं होतं?

भाग कुठून मिळवायचा, हा प्रश्न मी आजवर फक्त माझ्या खरेदीपुरता सोडवला. परदेशी वितरकाच्या साठ्यात हजारो नग दिसले की निश्चिंत. तोच भाग सोलापुरात एक नग मिळेल का, हे कधी पाहिलं नाही. आता ते पाहू लागलोय. काही ठिकाणी त्यासाठी मोठ्या आकाराचा, जुन्या धाटणीचा, साध्या डागणीने बदलता येईल असा भाग घ्यावा लागतो. बोर्ड थोडा मोठा होतो, थोडा महागही. दुकानात शेजारी त्याहून स्वस्त स्टार्टर टांगलेला असतो. घेणाऱ्याला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मग हा जादा खर्च मी कोणासाठी करतोय, त्याच्यासाठी की माझ्या मनाच्या समाधानासाठी? याचं उत्तर मला अजून पक्कं देता येत नाही. बोर्ड अधिक काळ चालला तर त्याचा फायदा होतो, एवढं खरं. पण तो विकलाच गेला नाही तर?

पुढच्या लॉटला कपॅसिटरच्या रकान्यात दोन-दोन कंपन्यांचे पार्ट नंबर लिहिलेत, तापमानासकट. रिले, व्हॅरिस्टर आणि कपॅसिटर, जे आधी जातात, त्यांची मापं बोर्डावरच छापायला दिलीत, डागणी हातात धरलेल्याला वाचता येतील एवढ्या अक्षरांत. मुख्य चिपचा नंबर मात्र याही खेपेला घासलेलाच जाणार आहे. भीतीचं कारण खरं आहे, नक्कल होते, आणि माझ्याकडे कामाला असलेल्यांचे पगार त्याच बोर्डावर चालतात. पण बोर्ड बंद करून दुसऱ्या उत्पादनाकडे वळेन त्या दिवशी तरी पूर्ण यादी त्या मेकॅनिकच्या हाती देईन का? देईन, असं आज म्हणतोय. लेखी मात्र अजून कुठेच दिलेलं नाही.