दीपपूजनाच्या निमित्ताने : चाळिशीचा विषाद आणि मद्य

॥ श्री ॥

सज्जनहो,

आषाढ वद्य अमावास्या जवळ आली आहे. त्या दिवशी आपल्या घरांत समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात आणि दीपपूजन करून दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे नियम धरतात. येथे माळव्यात आपले शेजारी ह्याच दिवसाला हरियाली अमावस म्हणतात. त्यांचा सावन तर पंधरा दिवस आधीच लागलेला असतो. परंतु ह्या दिव्यांच्या दिवसाला आपल्याच समाजात एक ओंगळ नाव चिकटले आहे. 'उद्यापासून महिनाभर बंद' ही सबब पुढे करून त्या रात्री सुशिक्षित घरांतील कर्ते पुरुषही प्याल्यावर प्याले रिचवितात. ते नाव येथे लिहिण्याचे कारण नाही. ते सर्वांस ठाऊक आहे.

एका रात्रीच्या चैनीची निंदा करून हे निरूपण संपविता आले असते. पण आम्हांस बोलावयाचे आहे ते अशा गृहस्थाविषयी, की ज्याला अमावास्येचे निमित्त लागत नाही. तो आपल्याच घरांतला आहे. वय अडतीस ते पंचेचाळीस. नोकरी आहे, घराचे हप्ते चालू आहेत, मुले शाळेत आहेत. वडिलांच्या औषधांचा खर्च त्याच्याकडे, मुलीच्या परीक्षेची काळजी त्याच्याकडे. बरोबरीचा मित्र पुढे गेला, आपण तेथेच राहिलो. किंवा आपण पुढे गेलो आणि तेथे काहीच नव्हते. एके दिवशी आरशात पांढरे केस दिसतात आणि मनात प्रश्न उभा राहतो, 'आयुष्य म्हणतात ते एवढेच काय?' हा प्रश्न तो कोणास विचारीत नाही. संध्याकाळी एक पेला घेतो. वर्षा-दोन वर्षांत एकाचे चार होतात, आणि घरातील मंडळी दाराच्या कडीच्या आवाजावरून त्या रात्रीचा अंदाज बांधू लागतात.

अशा मनुष्यास आपण 'खुशालचेंडू' म्हणून मोकळे होतो. आमच्या मते येथेच आपली पहिली चूक होते. त्याच्या मनात उठलेला प्रश्न पाप नाही. किंबहुना आपल्या परमश्रेष्ठ ग्रंथाचा आरंभच अशा प्रश्नाने झालेला आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव 'अर्जुनविषादयोग' आहे. अर्जुन त्या वेळी कोणी नवखा शिपाई नव्हता. कीर्ती मिळविलेला, वनवास भोगलेला, विवाहित पुत्राचा पिता असा तो प्रौढ पुरुष होता. ऐन कर्तव्याच्या क्षणी त्याचे हातपाय गळाले, तोंडास कोरड पडली आणि आजवर ज्यासाठी झटलो ते मिळवून काय करावयाचे, असे त्यास वाटू लागले. ह्या अवस्थेला 'योग' ही संज्ञा का मिळावी? आमच्या अल्पमतीस ह्याचे कारण एकच दिसते. अर्जुनाने तो विषाद गिळला नाही. रथात जो जवळ बसला होता त्याला त्याने तो उघडपणे, लाज सोडून सांगितला. तो बोलला म्हणून पुढचे सतरा अध्याय झाले.

मद्य नेमके हेच होऊ देत नाही. प्रश्न ओठांवर येण्यापूर्वीच ते त्यास निजविते. मद्याने मेंदूचे व्यापार मंदावतात, म्हणून प्रथम हलके वाटते, झोपही लवकर लागते. परंतु रात्रीच्या उत्तरार्धात ती झोप तुटते. पहाटे छाती धडधडते, चित्त उदास होते आणि सकाळी कालच्यापेक्षा मोठी चिंता समोर उभी असते. शरीर त्या मात्रेस सरावते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. पुढे तर सुखासाठी पिणे संपते आणि हातांचा कंप थांबविण्यासाठी पिणे सुरू होते. ज्या विषादाला सारथी भेटावयाचा, त्याला पेला भेटतो. आणि पेला काही गीता सांगत नाही.

ह्या विषयाची दोन मर्मे महाभारताच्या आदिपर्वातील दोन कथांत आहेत. दोन्ही कथा शुक्राचार्यांशी निगडित आहेत.

पहिली कथा ययातीची. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे हा राजा मराठी घराघरांत परिचित झाला. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीस अकाली वार्धक्य आले. भोग तर सरले नव्हते. तेव्हा तो आपल्या पाच पुत्रांकडे गेला आणि 'माझे म्हातारपण घ्या, तुमचे तारुण्य द्या' अशी याचना करू लागला. चौघांनी नकार दिला. धाकट्या पुरूने दिले. सहस्र वर्षे उपभोग घेतल्यावर राजास उमगले, की तूप ओतून अग्नी शांत होत नाही. मग त्याने पुरूचे तारुण्य परत केले, राज्यही त्यासच दिले आणि स्वतः वनाची वाट धरली. कथेचा हा शेवट आपण सांगतो. परंतु मधल्या सहस्र वर्षांत पुरू काय करीत होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो मुलगा असून म्हातारा होऊन बसला होता. आजही चाळिशीचा पुरुष आपले हरवलेले तारुण्य पेल्यात शोधतो, तेव्हा त्याची किंमत त्याचा पुरू देत असतो. बाप झिंगून आला की बारा वर्षांचा मुलगा त्याचे जोडे काढतो, धाकट्या बहिणीस दुसऱ्या खोलीत नेतो, आईस धीर देतो. त्याच्या बालपणावर आलेले हे वार्धक्य त्याने मागितलेले नसते. 'मी माझ्या पैशाने पितो, कोणाचे काय जाते?' असे म्हणणाऱ्याने घरातील पुरूकडे एकदा निरखून पाहावे.

दुसरी कथा कचाची. देवांचा हा कुमार संजीवनी विद्या शिकण्यासाठी शुक्राचार्यांचा शिष्य झाला. दैत्यांनी त्यास मारले, जाळले, ती राख मद्यात मिसळली आणि ते मद्य गुरूसच पाजले. कच परतला नाही म्हणून देवयानी शोक करू लागली. शुक्राचार्यांनी विद्येच्या बळावर हाक मारली, तेव्हा ओ आली ती त्यांच्याच पोटातून. त्रैलोक्यात अद्वितीय विद्या असलेला गुरू, आणि ज्यास तो शोधीत होता त्यास त्याने स्वतःच पेल्यातून गिळले होते! पुढे कचास पोटातच विद्या दिली गेली. तो गुरूचे उदर फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूस उठविले. त्यानंतर शुक्राचार्यांनी मद्यपानाविरुद्ध मर्यादा घालून दिली.

सज्जनहो, ह्या कथेतील बोध भयंकर आहे, तसा आशेचाही आहे. 'माझा संसार कोठे गेला, माझी मुले माझ्याशी का बोलत नाहीत?' असे पिणारा मनुष्य विचारतो, तेव्हा उत्तर त्याच्याच पोटातून येते. परंतु हाक मारल्यावर ओ येते, हेही तितकेच खरे. आणि ज्यास गिळले त्यानेच गुरूस पुन्हा उठविले, हे विशेष. कुटुंबाचे प्रेम अजून जिवंत असते. मात्र गुरूस मोठेपण बाजूला ठेवून, स्वतःस फाडून घेण्याची तयारी ठेवावी लागते.

कोणी म्हणेल, जवळच उज्जैनला काळभैरवास मद्य चढते, मग आम्हांस दोष का? दैवतास काय अर्पण करावे ही त्या त्या क्षेत्राची परंपरा आहे; तिच्यातून रोज रात्री कपाट उघडण्याची अनुज्ञा कोठेही निघत नाही. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर आदी तीर्थक्षेत्रांतील मद्याची दुकाने बंद केली. ते योग्यच झाले. तथापि दुकानास लागलेले कुलूप घरातील कपाटास लागत नाही. ते काम ज्याचे त्यासच करावे लागते.

ते एकट्याने मात्र होत नाही. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन ह्या गावी दोन मद्यासक्त गृहस्थ एकमेकांस भेटले. एक शेअर-बाजाराच्या व्यवसायातील बिल विल्सन, वय ३९; दुसरे शल्यवैद्य डॉ. बॉब स्मिथ. दोघांचीही विद्या आणि निश्चय अनेकदा हरलेले होते. एकाने दुसऱ्यास आपली खरी हकीकत सांगितली, दुसऱ्याने ती ऐकली, आणि त्या संभाषणातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली संस्था उभी राहिली. तिच्या बैठका भारतातही अनेक शहरांत भरतात. तेथे फी नाही, उपदेश नाही. मनुष्य बोलतो आणि 'आजचा दिवस पिणार नाही' एवढेच ठरवितो. हा विषादयोगच आहे, असे आम्ही म्हणू.

आपल्याकडचे उदाहरण संत गाडगे महाराजांचे. १८७६ साली वऱ्हाडात जन्मलेल्या ह्या बालकाचे वडील दारूपायी गेले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे मांस-मद्याची पंगत घालावयाची, तर त्यांनी गोडाचे जेवण घातले. लोक रागावले असतील. पण एका घरात बापाकडून मुलाकडे चालत आलेली वाट त्या दिवशी बंद झाली.

आता कर्तव्याचे चार शब्द.

जे पितात त्यांस : पुष्कळ दिवस भरपूर पिण्याची सवय असेल, तर भावनेच्या भरात एकाएकी, वैद्यकीय देखरेखीवाचून सोडू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणावर बेतते. आधी डॉक्टरांस खरी मात्रा सांगा. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ ह्या क्रमांकांवर विनामूल्य दूरध्वनी-सेवा आहे. मराठीतून उपचार हवा असेल, तर डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. ज्वर आला असता आपण केवळ अंगारा लावून बसत नाही.

घरच्या मंडळींस : कार्यालयात 'त्यांना बरे नाही' असे खोटे कळवू नका, त्यांचे उसने फेडू नका. रात्री झिंगलेल्या माणसाशी वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असता, शांतपणे आणि थोडक्यात बोला. मारहाण होत असेल तेथे सहन करणे हा पातिव्रत्याचा भाग नाही. प्रथम स्वतःस व मुलांस सुरक्षित स्थळी न्या. 'लग्न करून द्या, सुधारेल' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्याच्या मुलीस औषध समजू नये.

आणि आपणां सर्वांस, म्हणजे ह्या मंदिराच्या कुटुंबांस : अशा मनुष्यास चारचौघांत देवापुढे शपथ घ्यावयास लावू नका. शपथ मोडली तर व्यसनाच्या जोडीला लाज येते, आणि लाजेपायी तो मंदिराची पायरीही सोडतो. आरतीच्या पाळीतून त्याचे नाव गाळू नका. तो घसरून पुन्हा आला, तर 'कोठे होतात इतके दिवस?' असे न विचारता हाती टाळ द्या. बहुतेकांस पाय रोवण्यापूर्वी एकदोनदा घसरावे लागतेच. पंगतीस येणाऱ्यांपैकी कोणास काही सांगावयाचे असेल, तर ऐकणारा एक कान ह्या मंदिरात असलाच पाहिजे. तो कान आपणच व्हावयाचे आहे.

यंदाच्या अमावास्येस दीपपूजनाचे ताट मांडाल, तेव्हा कर्त्या पुरुषांनी त्या वेळी घरी असावे, एवढे आमचे मागणे आहे. मुलांच्या हातून वात लावून घ्यावी. आणि मनात काही साचले असेल तर दिवे शांत होण्यापूर्वी पत्नीस, भावास, मित्रास, कोणा एकास ते सांगावे. ज्यास सांगितले जाईल त्याने मध्ये न बोलता ऐकावे.

ज्याने अर्जुनाचे सारे ऐकून घेतले, तो श्रीहरी आपल्या घराघरांतील विषाद ऐको आणि आपणां सर्वांस एकमेकांचे ऐकण्याची बुद्धी देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.