धसईची गोष्ट धसईतून

नोटाबंदीनंतर, २०१६च्या डिसेंबरात, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं धसई ‘राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव’ म्हणून गाजलं. छोट्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, पाठोपाठ कॅमेरे आले, बातम्या झाल्या. पाड्यावरून बाजाराला उतरणाऱ्या बाईला त्या यंत्राचं काय वाटलं, दुकानदाराच्या उधारीच्या वहीचं पुढे काय झालं, हे मात्र गावातल्या कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. शेजारच्या शहापूरचंही तेच. भातसा, तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्यावर अहवाल झाले. टँकरपुढे हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीची कादंबरी मला वाचायची आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांवरचं थोर पुस्तक, ‘जेव्हा माणूस जागा होतो’, १९७०चं. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गोदावरी परुळेकर त्या माणसांत राहिल्या, लढल्या, म्हणून ते जिवंत आहे. पण त्या पुण्याहून आलेल्या. पुढची पुस्तकं पाड्यांवरूनच यायला हवीत.

लिहिणारे आहेत. शिक्षक, अंगणवाडी सेविका, कॉलेजातली मुलं वह्या भरतात. फोनवर कविता टाकली की ‘अप्रतिम’ची रांग लागते. नसतो तो ‘हा परिच्छेद खोटा वाटतो, पुन्हा लिही’ म्हणणारा माणूस. माझ्या मते लेखक घडण्यातली खरी अडचण हीच आहे, प्रतिभेची नव्हे.

‘सत्यकथा’ मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे काम करत. हस्तलिखित बारकाईनं वाचायचं, लेखकाला पत्र लिहायचं, पुनर्लेखन मागायचं. मराठी नवकथेमागे असं वाचन उभं आहे. तरीही १९६९ साली लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी सत्यकथेची जाहीर होळी केली. तो राग मला समजतो. काही जगणी त्या अभिरुचीच्या चौकटीत मावत नव्हती. त्यांना वाट दुसरीकडे मिळाली: औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ नियतकालिक उभं राहिलं, १९७८ साली ग्रंथालीनं दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन काढलं. म्हणून संपादक कडक हवाच, पण आपली बोली ‘शुद्ध’ करायला निघालेला नको. वाक्य ढिलं असेल तर त्यानं ते आवळावं. माणसाच्या तोंडचा शब्द बदलू नये.

असा संपादक भेटेपर्यंत बरंच काम घरी होतं. भातरोपांच्या जागेवर राब भाजण्यावर लिहायचं असेल, तर ‘निसर्गाच्या कुशीत घाम गाळणारा बळीराजा’ आधी खोडावा. शेण, पाला, गवत कसं पसरतात, वर माती का टाकतात, आग वाऱ्याच्या कोणत्या बाजूनं लावतात, तेव्हा डोळ्यांचं काय होतं, ते लिहावं. मग आईला वाचून दाखवावं. ती ‘असं नसतं रे’ म्हणाली की खुणेची रेघ मारावी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ याच नजरेनं वाचावीत: तिथे वर्णन किती कमी आहे आणि माणूस किती पुरा दिसतो!

छापण्याची घाई नको. पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे पुष्कळ आहेत. पॅकेजमध्ये मुखपृष्ठ असतं, आयएसबीएन असतो, प्रकाशन समारंभही असतो. हस्तलिखित मात्र कुणी वाचलेलं नसतं. आयएसबीएन ही निव्वळ ओळखसंख्या आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. त्यापेक्षा एकेक कथा मासिकांकडे, दिवाळी अंकांकडे पाठवावी. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित तज्ज्ञांच्या नजरेखालून जातं. करार लेखी करावा. किती प्रती, किती मानधन, हक्क किती वर्षांसाठी, हे वाचूनच सही करावी.

आणि धसई, मुरबाड, शहापूर, किन्हवली इथल्या पाचसहा लिहित्या माणसांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. एकानं वाचावं, बाकीच्यांनी कौतुक बाजूला ठेवून कुठे लक्ष उडालं तेवढं सांगावं. दिवाळी अंकांचे संपादक मजकूर पावसाळ्यातच मागतात, म्हणजे ऐन आवणीच्या, भातलावणीच्या धांदलीत. तेव्हा पहिला खर्डा वैशाखातच उरकून या बैठकीत वाचलेला बरा.