तेजाबातील रुपे

शास्त्रभाग : मलाखी ३:१-४, योहान ६:१-१३, २ करिंथ ५:१४-२१



हैदराबाद असो, इंदूर असो वा वडोदरा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीतून जाताना एखाद्या लहानशा दुकानातून माणदेशी मराठी कानी पडली, तर ते दुकान बहुधा गलाईचे असते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा मुलूख पावसाला पारखा. दुष्काळाने तेथील माणसांना गाव सोडायला लावले आणि सोने-चांदी गाळण्याचा धंदा हाती घेऊन ती देशभर पांगली. जुनी मोड आणि सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची धूळसुद्धा ते गाळतात आणि तीतून धातू वेगळे काढतात.

रुपे गाळणारा कारागीर पवित्र शास्त्राला अनोळखी नाही. मलाखी संदेष्ट्याने खुद्द प्रभूलाच ती उपमा दिली आहे. त्या काळच्या कारागिराजवळ फक्त अग्नी होता. आजचा कारागीर अग्नीबरोबर तेजाबही, म्हणजे नायट्रिक ॲसिड, वापरतो. त्याच्या कामात तारणाचा एक धडा दडलेला आहे, तो आज आपण पाहू.

मिश्र सोने तेजाबात टाकले की तांबडा विषारी धूर निघतो. चांदी आणि तांबे विरघळून जातात व तळाशी तपकिरी भुकटी राहते. ती सोन्याची. ती धुऊन, मुशीत वितळवून लगड केली की मालकाचे काम झाले. पण वर जे तेजाब उरले त्याचे काय? अनोळखी माणूस म्हणेल, हे घाण पाणी आहे, गटारात ओता. गलाईवाला ओतत नाही. तो त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतो. थोड्या वेळाने पट्ट्यांवर करड्या रंगाचा गाळ धरू लागतो. ती चांदी आहे. पाणी मात्र निळे होत जाते, कारण आता तांबे विरघळू लागलेले असते. चांदी काढून घेतल्यावर त्या निळ्या पाण्यात तो भंगार लोखंड टाकतो. निळा रंग ओसरतो, तांबे लोखंडावर येऊन बसते आणि लोखंड पाण्यात उतरते.

ह्या साध्या कामातून तीन गोष्टी आपण शिकावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट : जे दिसत नाही ते नाहीसे झालेले नसते. तेजाबात उतरलेली चांदी डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिचा कणही नष्ट झालेला नसतो. सोन्याची अशीच एक सत्यकथा आहे. नायट्रिक ॲसिडला न जुमानणारे सोने हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या जोडीला मात्र वश होते. ह्या मिश्रणाला अम्लराज म्हणतात. १९४० साली जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरले, तेव्हा कोपनहेगन येथील नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लावे आणि जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके सांभाळावयास ठेवलेली होती. जर्मनीतून सोने बाहेर धाडणे हा त्या राजवटीत भारी गुन्हा होता आणि पदकांवर तर मालकांची नावे कोरलेली. जॉर्ज द हेवेशी या रसायनशास्त्रज्ञाने ती पदके अम्लराजात विरघळवली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. शिपाई आले, शोध घेऊन गेले. बाटलीकडे कोणी पाहिले नाही. युद्ध संपल्यावर त्याच पाण्यातून सोने परत काढले गेले आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याची पुन्हा पदके करून दिली.

प्रियांनो, आपल्यांतील किती माणसे अशी विरघळून गेलेली आहेत! नाव गेले, आकार गेला, बाप्तिस्म्याच्या वेळचा तो चेहरा गेला. आपण म्हणतो, आता ह्याच्यात काही उरले नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेसुद्धा गोळा करावयास लावले आणि बारा टोपल्या भरल्या. तुकड्यांची जो इतकी काळजी घेतो, तो माणसांना टाकील काय?

दुसरी गोष्ट : कोणीतरी आत उतरल्याशिवाय कोणी बाहेर येत नाही. चांदी आपोआप वर येत नाही. तिला हाक मारून, दटावून, उपदेश करून ती येत नाही. हिशेब पक्का आहे : सुमारे २१६ ग्रॅम चांदी बाहेर यावी तर सुमारे ६४ ग्रॅम तांबे तेजाबात जावे लागते, आणि तेवढे तांबे सोडवावे तर सुमारे ५६ ग्रॅम लोखंडाला जावे लागते. चांदीची जागा तांबे घेते, तांब्याची जागा लोखंड घेते. खंडणी, बदली, प्रायश्चित्त हे शब्द आपण उपासनेत नेहमी ऐकतो. ते त्या भांड्यात डोळ्यांपुढे घडत असतात.

परंतु येथेच हा दृष्टांत थांबतो आणि सुवार्ता सुरू होते. गलाईच्या दुकानात नेहमी हलके देऊन भारी घेतात. चांदीसाठी तांबे खर्च करतात, तांब्यासाठी भंगार लोखंड. लोखंड सोडविण्यासाठी कोणी सोने तेजाबात टाकणार नाही; आणि टाकलेच तरी त्या पाण्यात सोने जसेच्या तसे राहील, लोखंड काही बाहेर येणार नाही. सृष्टीच्या नियमात ते बसत नाही. गुलगुथा येथे मात्र देवाने हा हिशेब उलटा केला. ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याला आमच्या जागी पाप असे केले गेले, असे पौल करिंथकरांस लिहितो. सोने उतरले आणि भंगार बाहेर आले. ह्याचेच नाव कृपा.

तिसरी गोष्ट : उरलेल्या तेजाबाची जबाबदारी. चांदी निघाली, तांबे निघाले, तरी शेवटी भांड्यात पाणी उरतेच. ते तसेच गटारात सोडले तर शेजाऱ्याच्या विहिरीला जाते, म्हणून त्यात चुना घालून त्याचा आंबटपणा मारावा लागतो व बसलेला गाळ नीट वेगळा ठेवावा लागतो. जुन्या संगणकांचे व फोनचे भाग तेजाबात बुडवून सोने काढणारे आणि उरलेले नाल्यात ओतणारे लोक आजही आहेत. धातू त्यांना मिळतो, किंमत मात्र दुसऱ्यांची मुले भरतात.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत सेवेस होतो, तेथे एक बंधू दारूच्या आहारी गेला. मंडळीकडून घेतलेली उसनवारी त्याने बुडवली. पंच कमिटीने त्याचे नाव यादीतून काढण्याचा ठराव केला आणि त्या ठरावावर माझी सही आहे. आम्ही पाणी गटारात ओतून मोकळे झालो. एक वयस्कर पंच मात्र रोज संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन बसू लागले. तो गुत्त्यावर असला तर ते गुत्त्याबाहेर उभे राहत. लवकरच लोक बोलू लागले की म्हाताराही घेऊ लागला. त्यांचे नाव काळवंडले. त्यांनी खुलासा केला नाही. मी एकदा विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, “पाळकसाहेब, कोणीतरी जायला पाहिजे ना.”

तो बंधू आज शेवटच्या बाकावर बसतो. मधून मधून घसरतो, एखादा रविवार चुकतो, पुन्हा येतो. मलाखीचा कारागीर उभा नाही, बसलेला आहे. त्याला घाई नाही.

परंतु त्या पंचांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. ते आपल्या पत्नीला त्या बंधूच्या बायकोकडे पाठवीत. आम्ही सारे तिला सांगत होतो, बाई, सहन करा, प्रार्थना करा. म्हणजे काय, तर वर्षानुवर्षे ती आणि तिची लेकरेच त्या तेजाबात उतरत होती आणि आम्ही काठावरून पाहत होतो! एका माणसाला सोडवावयाचे म्हणून त्याच्या घरच्यांना झिजू देणे हे ख्रिस्ताचे काम नव्हे. मुलांची फी, घरात रात्री सुरक्षित झोप, तिच्या हाती थोडे पैसे, हा सगळा मंडळीने घालावयाचा चुना आहे.

संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी एक सूचना. हा धडा मुलांना दाखवता येईल. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चिमूटभर मोरचूद विरघळवा आणि घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात सोडा. गीत आणि गोष्ट होईतो खिळ्यावर तांबूस थर आलेला दिसेल. मोरचूद विषारी आहे, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका आणि तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नका. मग मुलांना विचारा, तांबे बाहेर यावे म्हणून आत कोण गेले?

तोच प्रश्न आपणही स्वतःला विचारू या. आपल्या मंडळीच्या यादीवर रेघ मारलेली नावे असतील. ह्या आठवड्यात त्यांतले एक नाव वाचा, त्याचा पत्ता काढा आणि त्या दारी जा. आपण स्वतः कोणाच्या किमतीने बाहेर आलो आहो, हे जाताना आठवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आम्ही ज्यांना टाकाऊ म्हटले त्यांच्यात तू रुपे पाहतोस. तुझा पुत्र आमच्यासाठी उतरला, तसे दुसऱ्यासाठी उतरण्याचे धैर्य आम्हांला दे. आणि आमच्या हातून कोणा निरपराध्याला झीज सोसावी लागू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.