समाजमाध्यमांची परीक्षा कोणत्या भाषेत?

महाविद्यालयीन वर्गात समाजमाध्यमांचे मूल्यमापन करायचे म्हटले की बहुधा एक तक्ता तयार होतो: डावीकडे फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स ही नावे आणि वरच्या रकान्यांत वापरकर्त्यांची संख्या, सोयीसुविधा, जाहिरातींचे उत्पन्न. जाहिरात संस्थेत नोकरी करू इच्छिणाऱ्याला हा तक्ता उपयोगी पडेलही. परंतु ज्या माध्यमावरून अफवा पसरते किंवा मदत मागितली जाते, ते आपल्या वापरकर्त्यांशी कसे वागते, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी पहिला निकष भाषेचा असला पाहिजे, आणि त्या अभ्यासाला बंगळूरमधील यशवंतपूरचा परिसर विशेष अनुकूल आहे. देशभरच्या गाड्या जेथे थांबतात आणि जेथील बाजार समितीत महाराष्ट्राचा कांदा उतरतो, अशा भागातल्या एकाच वर्गात कन्नड, मराठी, तमिळ, हिंदी आणि असमिया बोलणारे विद्यार्थी बसलेले असणे मुळीच नवलाचे नाही.

याच शहराने या विषयाचा एक कटू धडा घेतलेला आहे. जुलै २०१२ मध्ये आसामातील कोक्राझार भागात हिंसाचार उसळला आणि त्यानंतर ईशान्य भारतीयांवर दक्षिणेत हल्ले होणार, अशा अफवा लघुसंदेशांतून व समाजमाध्यमांतून पसरल्या; ऑगस्टच्या मध्यास हजारो लोक बंगळूर सोडून गुवाहाटीच्या गाड्यांत बसले आणि रेल्वेला विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. तेव्हा केंद्र सरकारने दिवसाला पाचच लघुसंदेश पाठवण्याची मर्यादा काही काळ घातली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, आणि देशभरात अशा घटनांची मालिकाच झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे जाहीर केले. दोन्ही उपाय संख्येचे होते, मजकुराचे नव्हते. व्हॉट्सॲपपुरते ते समजण्यासारखे आहे, कारण पाठवणारा आणि घेणारा यांखेरीज कोणालाच, खुद्द कंपनीलाही, तेथील संदेश वाचता येत नाही. फेसबुक किंवा यूट्यूब यांवरील उघड्या मजकुराला मात्र ही सबब लागू पडत नाही. तेथे मराठीतील चिथावणी ओळखणारे किती लोक नेमलेले आहेत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याचे उत्तर भारतीय नियम मागत नाहीत. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमाला दरमहा अनुपालन अहवाल, म्हणजे किती तक्रारी आल्या आणि त्यांवर काय कारवाई झाली याचा जाहीर हिशेब, द्यावा लागतो. पण तो भाषावार देण्याची अट नाही. उलट युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार फार मोठ्या माध्यमांना मजकूर तपासणाऱ्या माणसांची माहिती संघाच्या एकेका अधिकृत भाषेनुसार द्यावी लागते. कोट्यवधींच्या मराठीला जे मिळत नाही, ते काही लाखांच्या माल्टीजला मिळते.

ही उणीव बहुभाषिक वर्ग अंशतः भरून काढू शकतो. नियमावली आपापल्या भाषेत मिळते काय, तिचा अनुवाद वाचण्याजोगा आहे काय, एकाच स्वरूपाच्या आक्षेपार्ह मजकुराची तक्रार निरनिराळ्या भाषांत नोंदवल्यास उत्तर किती वेळाने आणि कोणत्या भाषेत येते, याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी ठरावीक काळ ठेवाव्यात. प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा मजकूर येत असल्याने अशा नोंदींवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि मेटाने क्राउडटँगल हे संशोधकांना उपयुक्त ठरलेले साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केल्यानंतर बाहेरच्या अभ्यासकाच्या हाती फारसे काही उरलेले नाही, आणि मर्यादा स्पष्ट सांगून केलेली नोंद कंपनीच्या एकगठ्ठा आकड्यापेक्षा अधिक प्रामाणिक असते.

स्वभाषेतले माध्यम आपोआप चांगले ठरते, असा याचा अर्थ नव्हे. बंगळूरमध्येच २०२० साली निघालेले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांना जागा देणारे कू जुलै २०२४ मध्ये बंद झाले. म्हणून माध्यम मिटल्यास वापरकर्त्याला आपले लेखन सोबत नेता येते काय, हाही प्रश्न परीक्षेत असावा. भाषावार हिशेबाची अट भारतीय नियमांत येईपर्यंत निदान माध्यमशास्त्राच्या विभागांनी आपल्या अभ्यासक्रमात अशा नोंदींना गुण द्यावेत आणि त्या वर्षअखेरीस जाहीर कराव्यात.