कोणाच्या पापामुळे?



२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छात भूकंप झाला. त्याचा हादरा येथे बारडोलीपर्यंत जाणवला. जवळच्या सुरत शहरात इमारती कोसळून माणसे दगावली. अशा प्रत्येक वेळी मंडळीतून एक प्रश्न निघतोच : हे कोणाच्या पापामुळे झाले?

१९३४ च्या बिहार भूकंपास गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, आणि रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे पाप खरेच. परंतु कोसळणारी भिंत पापी-निष्पापी निवडीत नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच 'नाही' म्हणून सांगितले (लूक १३). मग त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे बोलावणे केले.

ते बोलावणे आम्हांसही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व वरच्या जड माळवदांनी. शेजारी धोक्याखाली निजला आहे हे कळूनही आम्ही गप्प राहिलो, तर पाप कोठे शोधावयाचे?

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. इतर गावांत घरदुरुस्तीच्या कामी स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमले. भिंत भक्कम कशी करावी, हे त्यांनी घरोघरी जाऊन समजावले. २००१ साली लातूर-उस्मानाबादकडच्या स्त्रिया कच्छात गेल्या, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही. भाषा निराळी होती. परंतु चूल कोठे मांडावी, पाणी कोठून आणावे, मुलांची शाळा केव्हा सुरू होईल, हे घर गेलेल्या बाईचे प्रश्न त्यांना नवे नव्हते. ज्यांना मदत मिळाली, त्याच मदत देणाऱ्या झाल्या. आपले सांत्वन होते ते आपण दुसऱ्यांचे करावे म्हणून, असे पौल करिंथकरांस सांगतो, ते हेच नव्हे काय?

जुने कपडे पाठवून मोकळे होणे सोपे आहे. आपद्ग्रस्ताला पुन्हा देता यावे इतका वेळ त्याच्यासोबत राहणे कठीण आहे. आणि प्रीतीची कसोटी तेथेच लागते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुले हा प्रश्न विचारतील. देवाने असे का होऊ दिले, हे आम्हांस सांगता येत नाही, असे त्यांस प्रामाणिकपणे सांगा. मग त्यांना घेऊन वर्गाच्या भिंती व छप्पर एकदा नीट पाहा, आणि कोठे तडा दिसला तर पंचांच्या कानी घाला.