कौतुकाचें ऋण

एखाद्या मुलाच्या गळ्यांत जन्मतःच सूर असला म्हणजे त्याच्या भोंवतीं कौतुकाची दाटी होते. त्या कौतुकांत कोणाचाहि वाईट हेतु नसतो. परंतु तें दान आहे कीं कर्ज, हें मात्र त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. दान असेल तर घेणारा मोकळा राहतो. कर्ज असेल तर जन्मभर फेडावें लागतें.

१८८८ सालीं जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं त्यास ‘बालगंधर्व’ म्हटलें. १९०५ सालीं तो मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळींत आला, आणि पुढें ‘स्वयंवरां’तील रुक्मिणी व ‘एकच प्याल्यां’तील सिंधू या भूमिकांनीं त्यानें महाराष्ट्रास वेड लावलें. स्वतः कुलीन स्त्रियाहि त्याच्या वेषभूषेचें अनुकरण करूं लागल्या.

१२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग थांबला नाहीं. भामिनीच्या वेषांत ते रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत आपण अभिमानानें सांगतों. परंतु तो अभिमान नेमका कशाचा?

कोणी म्हणेल, कर्तव्यनिष्ठेचा. मंडळींतील अनेकांचें पोट त्या प्रयोगावर होतें. हें म्हणणें टाकाऊ नाहीं. तथापि वैद्य घरचें दुःख बाजूस ठेवून रोग्याकडे धांवतो, तें न गेल्यास रोगी दगावेल म्हणून. नाटक एक दिवस लांबल्यानें कोणाचा प्राण जाणार होता? मग त्यांना उभें केलें कशानें? मला वाटतें, उत्तर त्यांच्याच एका शब्दांत आहे. प्रेक्षकांना ते ‘मायबाप’ म्हणत. लहानपणापासून जो कौतुकावर वाढला, त्याच्या तोंडीं हा शब्द केवळ उपचाराचा राहत नाहीं. आणि ज्याला प्रेक्षक हेच मायबाप, त्याला स्वतः बाप होण्याची सवड उरत नाहीं.

पुढें १९१३ सालीं त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. वैभव आलें, तसेंच कर्जहि आलें. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या बोलपटांत ते एकनाथ झाले. पण लोकांच्या मनांत रुक्मिणीच होती, आणि उतारवयांतहि त्यांना पुन्हां लुगडें नेसून उभें राहावें लागलें. १९६४ सालीं पद्मभूषण मिळालें. १५ जुलै १९६७ रोजीं, एकुणऐंशींव्या वर्षीं, ते वारले, तेव्हांहि ते ‘बाल’च होते.

त्यांच्या त्या दिवसाच्या निर्णयास दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. तो सर्वस्वीं त्यांचा होता. परंतु त्यांचा त्याग हा इतरांसाठीं नियम करण्याचाहि अधिकार आपल्याला नाहीं. त्या रात्रीं प्रेक्षकांना कोणी सर्व सांगून विचारलें असतें, आणि ते निमूटपणें उठून घरीं गेले असते, तर तीहि रसिकताच ठरली असती. कदाचित् अधिक मोठी.

आजहि लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा घरोघर आवडीनें पाहिल्या जातात. टाळी अवश्य द्यावी. मात्र उद्यां त्याच मुलाचा आवाज फुटला, किंवा त्याला गप्प बसावेंसें वाटलें, तर आपण दिलेल्या टाळीचा हिशेब मागूं नये. असा हिशेब न मागणें हेंच खरें मायबापपण.