परकोटाबाहेरची माय

चांद्याच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे. खिडक्यांमध्ये हनुमान खिडकी आहे, विठोबा खिडकी आहे आणि मसण खिडकीही आहे. जवळजवळ अकरा किलोमीटरचा हा तट. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या काळात त्याचा पाया घातला गेला आणि पुढच्या राजांनी तो पुरा केला, असे सांगतात. शहरातल्या माणसांच्या येण्याजाण्याचा एवढा विचार केलेल्या या तटाच्या आत महाकाली मात्र नाही. अंचलेश्वर दरवाज्यातून बाहेर पडावे, झरपट नदीच्या अंगाला जावे, तेव्हा तिचे देऊळ येते.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी नणंद तिरोड्याहून चांद्याला गेलो. चंद्रपूरला आमच्याकडची जुनी माणसे अजून चांदाच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहिते. गोंदियाला गाडी बदलली. नागभीडच्या पुढे खिडकीबाहेर जंगल आणि कापणीला आलेले धान दिसत होते. दुपारी परकोटाच्या एका बुरुजावर चढलो. इको-प्रो या संस्थेच्या तरुण पोरांनी २०१७ पासून वर्षानुवर्षे श्रमदान करून या भिंतीवरची झाडेझुडपे काढली. नाहीतर वर पाय ठेवायलाही जागा नव्हती, असे तिथल्या एका बाईंनी सांगितले. नणंदेने खाली पाहिले आणि विचारले, “वहिनी, गावाची राखण करणारी देवी अन् तिलेच बाहेर ठेवलं?”

सरळ उत्तर आहे. देवीचे स्थान जुने. राणी हिराईने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देऊळ बांधले ते त्या स्थानावर. पण मला ते उत्तर पुरत नाही. अकरा किलोमीटर दगड रचणाऱ्यांना तट थोडा वळवून देवीला आत घेणे कठीण नव्हते. त्यांनी तसे केले नाही. मला वाटते, त्यांना ते करावेसेच वाटले नसेल. माणसाला आडोसा लागतो. तट त्याच्यासाठी होता, देवीसाठी नाही.

आमच्या तिरोड्याच्या बाजूच्या खेड्यांत हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माता माय गावाच्या शिवेवरच असते. कडुनिंबाखाली शेंदूर लावलेले दगड, कधी पत्र्याची सावली, समोर धानाचे बांध. रोगराई यायची ती शिवेवरून, म्हणून ती तिथे बसलेली. घरातल्या देव्हाऱ्यातल्या देवापेक्षा माझ्या सासूबाईंचा तिच्यावर जास्त भरवसा होता. लग्न झाले की नवरानवरी आधी तिच्याकडे जायची. रोवणीला लागणाऱ्या बायाही आधी तिथे हात जोडायच्या. यातल्या कुठल्या बाईला कोणी जात विचारली नाही, कारण उघड्या शिवेवर विचारणार कुठे उभे राहून?

आता आमच्या गावी माता मायच्या जागेला पक्की भिंत आणि लोखंडी फाटक करायचे ठरते आहे. वर्गणी सुरू झाली आहे आणि चुलत दीर समितीत आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. शेळ्या शिरतात. रात्री दारू पिणारे बसतात. मागे दानपेटीही फोडली. “किल्ली पुजाऱ्याकडं राहील, सकाळ-संध्याकाळ उघडंल, वहिनी, काय बिघडते?” असे त्यांनी विचारले.

काय बिघडते ते सांगताना मला संत चोखोबा आठवतात. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात त्यांना पाऊल ठेवता येत नव्हते, आणि १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते त्याखाली गेले. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले त्याच गावाचे कूस ते बांधत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी झाली ती महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेरच. त्यानंतर सहाशे वर्षे ते दार तसेच राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा ते सर्वांसाठी उघडले. चांद्यालाच १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, नागपूरनंतर दोन दिवसांनी. देवाच्या दाराशी किती काळ थांबायचे, या प्रश्नाला हजारो माणसांनी त्या दिवशी आपले उत्तर दिले. मी हिंदू घरातली बाई आहे, पण ते उत्तर मला ऐकू येते आणि त्याचा मान ठेवूनच मी हे लिहिते.

भिंत देवाला सांभाळते, हे मला पटत नाही. देव सर्वत्र आहे असे आपण रोज म्हणतो. तसे असेल तर भिंतीने ठरते ते एवढेच, की आत कोणाला येऊ द्यायचे आणि केव्हा. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर माझी प्रार्थना गेली. आज पुजारी भला आहे. उद्याचे कोण सांगणार?

आणि तटाने तरी काय राखले? १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी चांदा घेतला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले. राज्ये गेली. महाकालीकडे मात्र चैत्रात अजून नांदेड-परभणीहून, तेलंगणातून बाया-माणसे येतात, झरपटीत अंग ओले करतात आणि दर्शनाला उभी राहतात. देवीने चांद्याचे राज्य का वाचवले नाही, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारत असेल असे वाटत नाही. लेकराचा ताप, सुनेचे बाळंतपण, पाऊस असल्या गोष्टी घेऊन ती येतात. तिच्याकडे मागायचे असते ते हे, आणि त्यासाठी ती वाटेवर, हाताशी असावी लागते.

दिरांना मी वर्गणी दिली आहे, पण अट घालून. रस्त्याच्या बाजूने आणि दोन्ही अंगांनी कमरेएवढी भिंत घालावी, शेळ्यांपुरती. दानपेटी काढून टाकावी, म्हणजे फोडायला काही उरणार नाही. दारू पिणाऱ्यांसाठी खांबावर मोठा दिवा लावावा. शेताकडची बाजू मात्र मोकळी ठेवावी, फाटक नको, कुलूप नको. पुढच्या ग्रामसभेत मी हे उभे राहून मांडणार आहे. नणंद म्हणते, रोवणीच्या बायांना सोबत घेऊन जाऊ, त्यांचे म्हणणे सभेत आधी ऐकवू.